केसांच्या मुळापासून निघणाऱ्या साध्या गाठी मायक्रोस्कोपखाली कशा ओळखाव्यात

त्वचेच्या गाठीची स्लाइड हातात आली की नवे निवासी डॉक्टर थेट ४०च्या लेन्सवर जातात. तिथे निळ्या पेशींचे पुंजके दिसतात, पुंजक्यांच्या कडेला पेशी कुंपणासारख्या ओळीने उभ्या असतात, आणि हात ‘बेसल सेल कार्सिनोमा’ (बीसीसी, त्वचेचा एक कॅन्सर) लिहायला जातो. गाठ खरोखर बीसीसी असली तर प्रश्नच नाही. पण ती ट्रायकोएपिथेलिओमा, म्हणजे केसाच्या मुळाची साधी, कॅन्सर नसलेली गाठ असली, तर विशीतल्या एखाद्या मुलीच्या गालावर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया होते आणि तो व्रण ती आयुष्यभर वागवते. उलटी चूकही तितकीच महाग पडते. म्हणून या गाठींचा अभ्यास परीक्षेपुरता उरकू नये असं मला मनापासून वाटतं.

या गाठींची नावं खूप आहेत आणि नुसती यादी पाठ केली तर आठवड्यात विसरते. माझी पद्धत एका प्रश्नावर उभी आहे: ही गाठ फॉलिकलचा, म्हणजे केस ज्यातून उगवतो त्या पिशवीचा, कुठला भाग बनवायचा प्रयत्न करते आहे? उत्तर मिळालं की नाव बहुतेक वेळा आपोआप सुचतं.

आधी साधा फॉलिकल डोळ्यात भरून घ्या

डोक्यावरच्या त्वचेचा एखादा चांगला उभा सेक्शन शोधा. टाळूवरची गाठ काढताना सोबत आलेली निरोगी त्वचाही चालेल. त्यातला एक फॉलिकल वरून खाली सावकाश बघत जा.

सगळ्यात वर इन्फंडिब्युलम. हा भाग एपिडर्मिससारखाच, म्हणजे त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरासारखाच असतो. ग्रॅन्युलर थर निळ्या दाण्यांसह स्पष्ट दिसतो आणि आतलं केराटिन टोपलीच्या विणीसारखं सैल असतं. तेलग्रंथीची नळी जिथे उघडते तिथून आरेक्टर पिलाय स्नायू चिकटतो तिथपर्यंतचा भाग म्हणजे इस्थमस. इथे ग्रॅन्युलर थर नाहीसा होतो. पेशी फुगट, गुलाबी होतात आणि एकदम घट्ट, एकजिनसी केराटिनमध्ये बदलतात. याला ट्रायकिलेमल केराटिनायझेशन म्हणतात. टाळूवरच्या पिलर सिस्टमध्ये हेच दिसतं.

त्याखाली बाहेरचं आवरण, म्हणजे आउटर रूट शीथ. ग्लायकोजनमुळे पेशी फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसतात. कडेच्या पेशी ओळीने उभ्या आणि त्यांच्या बाहेर काचेसारखा गुलाबी पडदा. आतल्या आवरणात, इनर रूट शीथमध्ये, ट्रायकोहायलिनचे लालभडक दाणे असतात. ग्रॅन्युलर थरातले दाणे निळे, हे लाल. हा फरक पक्का लक्षात ठेवा. तळाशी बल्ब. तिथे मॅट्रिक्सच्या गडद निळ्या पेशी भराभर विभागत असतात, म्हणून निरोगी बल्बमध्येही मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) भरपूर दिसतात. या बल्बच्या खोबणीत खालून शिरलेला पेशीदार मऊ कोंब म्हणजे डर्मल पॅपिला. हा कोंब नीट बघून ठेवा, पुढे त्याचं मोठं काम आहे.

फॉर्म आणि ग्रॉसिंग

स्लाइड लावण्याआधी फॉर्म वाचा. वय, जागा, गाठ किती दिवसांची, एकच आहे की अनेक, घरात आणखी कुणाला आहे का. फॉर्मवर ‘चेहऱ्यावर फोड’ एवढंच असेल तर त्वचारोग विभागाला फोन करा. त्या एका फोनने जे कळतं ते दहा डीपर कट्सनी (ब्लॉकच्या आणखी खोल कापांनी) कळत नाही.

ग्रॉसिंग (काढलेली गाठ कापून ब्लॉकसाठी मांडणं) करताना तुकडा कडेवर उभा बसवा, म्हणजे एपिडर्मिसपासून खालच्या चरबीपर्यंत सगळं एका सेक्शनमध्ये येईल. आडवा बसलेला तुकडा या गाठींमध्ये फार फसवतो, कारण गाठीची बाह्यरेषाच हरवते. सुरी फिरवताना खडूसारखं करकरलं तर बहुतेक कॅल्शियम असतं. तेव्हा ब्लॉक मायक्रोटोमवर जबरदस्तीने कापू नका. थोडं डीकॅल्सिफाय करा, नाहीतर सेक्शन फाटतो, पेशी चिरडतात आणि नेमक्या हव्या त्या जागी रिबनला भोक पडतं.

स्कॅनर लेन्स: निम्मं निदान इथेच

४च्या लेन्सवर पाच मिनिटं तरी काढा. डॉ. बर्नार्ड अ‍ॅकरमन यांनी त्वचेच्या पॅथॉलॉजीला हीच शिस्त लावली: आधी आकृती, मग पेशी.

गाठ दोन्ही बाजूंनी सारखी आहे का? कड गुळगुळीत आहे की बोटं फुटल्यासारखी आजूबाजूला घुसलेली? तळ कुठवर गेला आहे? पृष्ठभागावर जखम आहे का? साध्या गाठी साधारणपणे सममित, उभ्या ठेवणीच्या आणि नीट आखलेल्या असतात. घातक गाठी रुंदावतात, वाकड्या वाढतात, वरून फुटतात. याला अपवाद आहेत, त्यांचं पुढे बोलू.

मग भोवतालच्या स्ट्रोमाकडे, म्हणजे आधार देणाऱ्या तंतुमय ऊतीकडे बघा. विद्यार्थी एपिथेलियम (आवरणाच्या पेशी) बारकाईने बघतात आणि स्ट्रोमा सोडून देतात. फॉलिकल हे मुळात एपिथेलियम आणि मेसेन्काइम (आधाराच्या पेशी) या दोघांनी मिळून घडवलेलं बांधकाम आहे. त्यापासून निघालेल्या साध्या गाठीतही हे दोघं जोडीने असतात.

निळ्या पेशींच्या गाठी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थांबू.

ट्रायकोब्लास्टोमा ही फॉलिकल घडवणाऱ्या मूळ (जर्मिनेटिव्ह) पेशींची साधी गाठ. डर्मिसमध्ये (एपिडर्मिसखालच्या जाड थरात) खोल, कधी चरबीपर्यंत गेलेली, आखीव आणि बहुधा एपिडर्मिसशी न जोडलेली. एकसारख्या निळ्या पेशींचे लहानमोठे पुंजके आणि त्यांना बिलगून बसलेला पेशीदार, बारीक तंतूंचा स्ट्रोमा.

आता फट शोधा. बीसीसीमध्ये फट पुंजका आणि त्याचा स्ट्रोमा यांच्यामध्ये पडते. पुंजका आपल्याच अंगणापासून सुटल्यासारखा दिसतो आणि त्या फटीत अनेकदा निळसर म्युसिन असतं. ट्रायकोब्लास्टोमात पुंजका स्ट्रोमाला घट्ट धरून असतो. फट पडलीच तर ती गाठीचा स्ट्रोमा आणि बाहेरची निरोगी डर्मिस यांच्यामध्ये पडते, म्हणजे गाठ स्वतःचं अंगण बरोबर घेऊन सुटते. माझ्या मते एच अँड ई (नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगाच्या) स्लाइडवरचा हा सगळ्यात भरवशाचा धागा आहे. त्याचं एक कारण आहे. सर्जनने ही गाठ काढताना ती अनेकदा अख्खी टपकन बाहेर येते. ज्या पातळीवर ती सुटते तीच फट आपल्याला स्लाइडवर दिसते.

दुसरा धागा पॅपिलरी मेसेन्काइमल बॉडी. मघाशी जो डर्मल पॅपिला नीट बघून ठेवायला सांगितला, त्याचीच ही अर्धवट नक्कल. १०च्या लेन्सवर पुंजक्यांच्या कडेने सावकाश फिरा. कुठेतरी निळा पुंजका किंचित आत दबलेला दिसेल आणि त्या खोलगटीत फुगट, गोलसर केंद्रकांच्या फायब्रोब्लास्ट पेशींचा लहानसा गोळा बसलेला असेल. तिथे ४० लावा. आजूबाजूचे फायब्रोब्लास्ट लांबट आणि विखुरलेले असतात, या गोळ्यातले आखूड आणि दाटीने बसलेले असतात. असे दोन-चार गोळे स्पष्ट सापडले तर फॉलिकलकडे जाणारी साधी गाठ हे निदान बरंच पक्कं होतं. एखादा अस्पष्ट गोळा मात्र पुरावा धरू नका.

ट्रायकोएपिथेलिओमा हे याच कुळातलं, पण वरच्या डर्मिसमधलं रूप. पुंजके चाळणीसारखे किंवा जाळीदार, मध्ये केराटिन भरलेल्या छोट्या हॉर्न सिस्ट, आणि पॅपिलरी मेसेन्काइमल बॉडी भरपूर. इंग्लंडमधले त्वचारोगतज्ज्ञ ब्रूक यांनी १८९२ साली या गाठींचं वर्णन केलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या ओठावर, किशोरवयापासून उठणाऱ्या अनेक त्वचेच्याच रंगाच्या पुटकुळ्या असतील तर सीवायएलडी जनुकाचा विचार करा. हा दोष घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालतो. अशाच माणसांत टाळूवर सिलिंड्रोमा आणि अंगावर स्पायराडेनोमा या साध्या गाठी सापडल्या तर ब्रूक-स्पीग्लर सिंड्रोम. फॉर्मवर अनेकदा ‘अडिनोमा सिबेशियम?’ असं लिहून येतं. ट्यूबरस स्क्लेरोसिसमधल्या त्या पुटकुळ्या म्हणजे अँजिओफायब्रोमा. त्यात निळ्या पेशींचे पुंजके नसतातच. त्यामुळे स्लाइड हा प्रश्न मिनिटभरात सोडवते, आणि घरच्यांच्या तपासण्या कुठल्या दिशेने व्हायच्या हेही त्यावरच ठरतं.

डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमा सगळ्यात कठीण. तरुण किंवा मध्यमवयीन बाईच्या गालावर, मध्ये दबलेली आणि कडेने उचललेली कडक चकती. स्लाइडवर एक-दोन पेशी जाडीच्या बारीक दोऱ्या, हॉर्न सिस्ट, दाट गुलाबी कोलॅजन, जागोजागी कॅल्शियम. मॉर्फिया प्रकारची बीसीसी आणि मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा या दोन्ही अगदी अशाच दिसू शकतात. इथे तळ बघितल्याशिवाय निदान करू नये. ही गाठ वरच्या अर्ध्या भागात राहते. मायक्रोसिस्टिक कार्सिनोमा वरच्या भागात निरागस दिसतो आणि खाली चरबीत, स्नायूत, नसांभोवती शिरलेला असतो. त्यात खरोखरच्या नळ्याही सापडतात. तीन मिलिमीटरच्या उथळ तुकड्यावरून या तिघांना वेगळं करण्याचं धाडस मी करत नाही, तुम्हीही करू नका.

आणखी एक ठिकाण म्हणजे टाळूवरचा नीव्हस सिबेशियस, म्हणजे तेलग्रंथी वाढलेला जन्मजात चट्टा. त्यात वाढणाऱ्या निळ्या पेशींच्या गाठींना पूर्वी सर्रास बीसीसी म्हटलं जायचं. २००० साली फ्रान्समधल्या अभ्यासकांनी अशा शेकडो स्लाइड पुन्हा तपासल्या तेव्हा त्यातल्या बहुतेक गाठी ट्रायकोब्लास्टोमा निघाल्या. मुलाच्या टाळूवरच्या नीव्हस सिबेशियसमध्ये बीसीसी लिहिण्याआधी हे आठवावं.

पिलोमॅट्रिकोमा: ओळखायला सोपी, फसवायलाही तयार

मॅट्रिक्सची गाठ. मालेर्ब आणि शेनान्टे यांनी १८८० साली तिचं वर्णन केलं, पण त्यांना ती तेलग्रंथीची वाटली होती. फोर्बिस आणि हेल्विग यांनी १९६१ साली तिचं नातं केसाच्या मॅट्रिक्सशी जोडलं आणि आजचं नाव दिलं. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये चेहरा, मान, दंड इथे दगडासारखी कडक गाठ.

स्लाइडवर दोन तऱ्हेच्या पेशी. कडेला गडद निळ्या मॅट्रिक्स पेशी, आत गुलाबी शॅडो सेल. शॅडो सेल एकदा नीट बघितली की विसरत नाही: पेशीची सीमा रेखीव, अंग फिकट गुलाबी आणि मध्ये केंद्रकाच्या जागी नुसती रिकामी पांढरी खूण. निळ्यातून गुलाबीकडे जाताना केंद्रक आकसून विरघळत जातं तो पट्टाही दिसतो. भोवती जायंट सेल, जांभळे कॅल्शियमचे ठिपके, कधी चक्क हाड. जुन्या गाठीत निळ्या पेशी संपलेल्या असतात, फक्त शॅडो सेल आणि कॅल्शियम उरतं. निदान तेवढ्यावरही होतं.

मायटोसिस बघून घाबरू नका. मॅट्रिक्सचा स्वभावच तो. गाठ आखीव नसेल, निळ्या पेशी भोवती घुसत असतील, विचित्र मायटोसिस आणि मोठाले नेक्रोसिसचे (मेलेल्या पेशींचे) भाग असतील, तर मात्र पिलोमॅट्रिकल कार्सिनोमा मनात आणा.

खरी परीक्षा एफएनएसीला, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीला, होते. शिकत असताना माझ्यासमोर सात वर्षांच्या मुलाची कानासमोरची गाठ आली होती. स्मिअरवर दाटीवाटीच्या निळ्या पेशी, केंद्रकं मोठी, न्यूक्लिओलाय ठळक, मध्येमध्ये उघडी केंद्रकं. मी ‘स्मॉल राउंड सेल ट्यूमर’ असा कच्चा रिपोर्ट लिहूनही ठेवला होता. मला शिकवणाऱ्या मॅडमनी स्लाइड घेतली, निळ्या पुंजक्यांकडे फारसं न बघता थेट स्मिअरच्या पातळ कडेला गेल्या आणि तिथे थांबल्या. फिकट पिवळट-गुलाबी, केंद्रक नसलेल्या पेशींचे तीन पापुद्रे, शेजारी एक जायंट सेल आणि कॅल्शियमचा चुरा. “पोराच्या आईला काय सांगणार होतात?” एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हापासून मुलाच्या डोक्या-मानेच्या गाठीच्या स्मिअरवर निळ्या पेशी दिसल्या की मी आधी शॅडो सेल, कॅल्शियम आणि पेशींभोवतीचा गुलाबी तंतुमय पदार्थ शोधते, मगच पुढचा विचार करते. कानासमोरची गाठ पॅरोटिडची समजून सुई घातलेली असते, हाही यातला नेहमीचा सापळा.

या गाठींत बीटा-कॅटेनिनच्या जनुकात बदल असतो, त्यामुळे निळ्या पेशींच्या केंद्रकात बीटा-कॅटेनिनचा रंग उतरतो. पण शॅडो सेल दिसत असताना त्यावर रुग्णाचे पैसे घालवायची गरज नाही. अंगावर अनेक पिलोमॅट्रिकोमा असतील तर मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, गार्डनर आणि टर्नर सिंड्रोम यांची आठवण रिपोर्टमध्ये करून द्या.

फिकट पेशींच्या गाठी

ट्रायकिलेमोमा आउटर रूट शीथची नक्कल करते. एपिडर्मिसपासून खाली लोंबणारे गुळगुळीत लोब्यूल, फिकट पेशी, कडेला ओळ आणि भोवती तोच काचेसारखा जाड गुलाबी पडदा. पेशी ग्लायकोजन दाखवणाऱ्या पीएएस स्टेनला रंगतात, ग्लायकोजन पचवणारं डायस्टेज दिल्यावर रंग जातो. पडद्याचा रंग मात्र राहतो. वरून ती चामखिळीसारखी दिसते, म्हणून फॉर्मवर ‘वॉर्ट’ लिहिलेलं असतं. डेस्मोप्लास्टिक प्रकारात मधल्या भागात गुलाबी कोलॅजन आणि त्यात अडकलेल्या वेड्यावाकड्या दोऱ्या असतात, अगदी आत घुसणाऱ्या कॅन्सरसारख्या. अशा वेळी नजर कडेला न्या. तिथे नेहमीचे गुळगुळीत लोब्यूल दिसले की उलगडा होतो. पेशी सीडी३४ला रंगतात, त्याचाही आधार मिळतो.

चेहऱ्यावर अनेक ट्रायकिलेमोमा म्हणजे काउडेन सिंड्रोमची शक्यता, पीटेन जनुकाचा दोष. अशा माणसाला स्तन, थायरॉइड आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढलेला असतो. इथे चामखिळीएवढ्या तुकड्याचा रिपोर्ट कुणाचा तरी मोठा आजार लवकर पकडून देऊ शकतो.

टाळूवरची प्रोलिफरेटिंग ट्रायकिलेमल गाठ बहुधा वयस्क बायकांत येते. मोठी, लोब्यूलची, एकदम घट्ट केराटिन बनवणारी. स्क्वेमस सेल कार्सिनोमाशी गल्लत होते. तिच्याबाबत मी ‘साधी’ हा शब्द जपून वापरते: भरपूर ब्लॉक घ्या, कड सगळीकडे तपासा, आत शिरकाव किंवा ठळक अटिपिया (पेशींचं विचित्र रूप) असेल तर ती साधी नव्हे.

वरच्या भागाच्या गाठी

यांना फार वेळ लागत नाही. एकच रुंद, केराटिन भरलेलं छिद्र आणि त्याच्या भिंतीतून बाहेर फुटलेले छोटे कोंब म्हणजे विनरचं डायलेटेड पोर. कोंब मोठाले आणि लोब्यूलसारखे झाले की पिलर शीथ अकॅन्थोमा. इन्व्हर्टेड फॉलिक्युलर केराटोसिसमध्ये आत वळलेली वाढ आणि भोवऱ्यासारख्या स्क्वेमस पेशींची वेटोळी दिसतात. ती वेटोळी बघून कॅन्सर म्हणू नका. ट्यूमर ऑफ फॉलिक्युलर इन्फंडिब्युलम एपिडर्मिसखाली समांतर पसरलेल्या पत्र्यासारखी असते, बारीक खांबांनी वर जोडलेली. वरवरच्या बीसीसीचा संशय आला तर इलॅस्टिक स्टेन करा, या पत्र्याखाली इलॅस्टिक तंतूंची दाट जाळी दिसते.

ट्रायकोफॉलिक्युलोमात एक मोठा मुख्य फॉलिकल मध्ये आणि त्यातून चहूबाजूंना फुटलेली छोटी पिल्लं. बाहेरून त्या छिद्रातून पांढऱ्या लवेचा झुपका डोकावतो. सेक्शन मध्यातून गेला नाही तर नुसते सुटे छोटे फॉलिकल दिसतात, तेव्हा डीपर कट्स मागा.

फायब्रोफॉलिक्युलोमात इन्फंडिब्युलमपासून दोन-तीन पेशी जाडीचे धागे निघून एकमेकांना जोडले जातात आणि भोवती फिकट तंतुमय स्ट्रोमाचा गोळा असतो. नाक, गाल, मान इथे अशा अनेक पुटकुळ्या असतील तर बर्ट-हॉग-डुबे सिंड्रोम. कॅनडात १९७७ साली वर्णन झालेला, फॉलिक्युलिन जनुकाचा आजार. त्यात फुप्फुसात सिस्ट होतात, अचानक न्यूमोथोरॅक्स होतो (फुप्फुसाभोवती हवा भरते) आणि मूत्रपिंडात गाठी येतात. चेहऱ्याच्या पुटकुळीचा हा रिपोर्ट गेला की रुग्णाच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली पाहिजे, ही जाणीव रिपोर्टमध्ये उतरायला हवी.

आयएचसी (प्रतिपिंडांनी पेशींतली प्रथिनं रंगवणं) कुठे आणि किती

ट्रायकोएपिथेलिओमा आणि बीसीसी यांच्यात बीईआर-ईपी४ मागवू नका, दोन्ही रंगतात. सीके२० मागवा: साध्या गाठीत पुंजक्यांमध्ये विखुरलेल्या मर्केल पेशी उठून दिसतात, बीसीसीत त्या बहुधा नसतात. अँड्रोजन रिसेप्टर बीसीसीत अनेकदा रंगतो, ट्रायकोएपिथेलिओमात सहसा नाही. पीएचएलडीए१चं उलट. बीसीएल२ साध्या गाठीत पुंजक्याच्या कडेला, बीसीसीत सर्वदूर. सीडी१० साध्या गाठीत स्ट्रोमात, बीसीसीत एपिथेलियममध्ये. यातला एकही स्टेन एकट्याने निर्णय देत नाही. एच अँड ईवर फट, आकृती आणि स्ट्रोमा यांचं मत बनलेलं नसेल, तर स्टेन मागवून गोंधळ वाढतो. बाहेरच्या लॅबमध्ये एकेका मार्करचे पैसे रुग्ण मोजतो, हेही विसरू नये.

रिपोर्ट लिहिताना

पूर्ण काढलेली गाठ, आखीव कड, स्ट्रोमा जुळतो, तर नाव ठामपणे लिहा आणि कड मोकळी आहे की नाही ते सांगा. तुकडा उथळ असेल, तळ दिसत नसेल, तर मी असं लिहिते: ‘फॉलिक्युलर डिफरन्सिएशन असलेली बेसलॉइड गाठ. तळ उपलब्ध नसल्याने बीसीसी नाकारता येत नाही. गाठ पूर्ण काढून पाठवावी.’ शंका कुठे आहे आणि ती कशाने मिटेल, दोन्ही त्यात येतं, आणि सर्जनला पुढचं पाऊल कळतं. शक्य असेल तर रिपोर्टसोबत त्यांना फोनही करा, कारण कागदावरचं ‘नाकारता येत नाही’ घाईच्या ओपीडीत अनेकदा ‘आहे’ असं वाचलं जातं.